ठासणीच्या बंदुकीची दारू घरपोच मागवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीलाच सांगून टाकतो, इथे ‘दारू’ म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ‘दारू कुरिअरने मागवली तर किती पडते?’ असं मी एकदा फोनवर मराठीत बोलत होतो, तर शेजारी बसलेल्या मेव्हण्याचे कान टवकारले. त्याची निराशा झाली. तुमची होऊ नये.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत हरणाच्या शिकारीचा एक हंगाम असतो आणि त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, नळीच्या बाजूच्या भोकाजवळच्या वाटीत रंजक (ठिणगी धरणारी बारीक दारू) घालायची, चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकात पडते आणि मग बार. १९७४ पासून हे चालू आहे. सप्टेंबर लागला की ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवलं. सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारताबद्दल शेवटी-शेवटी थोडं आहे.

दारू दुकानातून का आणत नाही? घरपोच मागवायची गरजच काय?

कारण दुकानात नसते. शिकारीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेलात तर फळीवर पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन अशा पर्यायी दारूच्या बाटल्या दिसतील, खरी काळी दारू सहसा दिसणार नाही. कायद्याच्या लेखी खरी काळी दारू हे स्फोटक आहे. ती विकायची तर दुकानदाराला एटीएफचा (बंदुका आणि स्फोटकं बघणाऱ्या केंद्रीय खात्याचा) स्फोटक-विक्रीचा परवाना लागतो, साठवायला नियमाप्रमाणे बांधलेलं कोठार लागतं, नोंदवह्या लागतात, तपासणी येते. वर्षाला पंधरा-वीस बाटल्या खपणाऱ्या मालासाठी एवढा व्याप कोण करणार? पर्यायी दारूचं वर्गीकरण वेगळं, ती साध्या फळीवर चालते.

त्यामुळे खरी दारू देणारे मोजके विक्रेते उरतात आणि त्यातले बरेच ट्रकने घरी पाठवतात. आजूबाजूला तासाभराच्या अंतरावर परवानाधारक दुकान असेल तर मात्र तिथूनच आणा. पेट्रोल धरूनही स्वस्त पडेल.

हॅझमॅट आकार म्हणजे नेमकं काय?

धोकादायक माल हाताळण्याबद्दल वाहतूक कंपनी प्रत्येक खोक्यामागे जे जादा पैसे लावते ते. विक्रेता ते तुमच्या बिलात टाकतो. माल वेगळा ठेवायचा, त्याचे कागद सोबत द्यायचे, लेबल लावायचं, हाताळणारा माणूस प्रशिक्षित हवा, अशा सगळ्याची ही किंमत.

ह्यातला एकच शब्द लक्षात ठेवा: खोक्यामागे. पौंडामागे नाही, बाटलीमागे नाही. एक पौंड मागवा नाहीतर पंचवीस पौंड, खोकं एक असेल तर हॅझमॅट एकदाच. ह्या धंद्यातलं सगळं गणित इथून सुरू होतं. लोक दारूच्या भावावर घासाघीस करतात आणि खोक्यांची संख्या मोजायची विसरतात.

आणखी एक. ‘शिपिंग फुकट’ अशी पाटी दिसली तर खालची बारीक अक्षरं वाचा. फुकट असतं ते साधं भाडं, हॅझमॅट बहुतेक वेळा वेगळा लागतोच. वर्षातून एखाद-दोनदा काही विक्रेते हॅझमॅटही माफ करतात. मागवायची वेळ ती.

मग एकूण किती पडतं? आकडे सांगा.

भाव हलत राहतात, म्हणून उदाहरणापुरते गोल आकडे धरू: दारू पौंडाला २५ डॉलर, हॅझमॅट ३५ डॉलर, साधं भाडं वजनाप्रमाणे १५ ते ४० डॉलर.

एक पौंड मागवलीत: २५ + ३५ + १५ = ७५ डॉलर. म्हणजे पंचवीसच्या मालाला पन्नासची हमाली.

पाच पौंड: १२५ + ३५ + २० = १८० डॉलर. पौंडाला ३६.

दहा पौंड: २५० + ३५ + २५ = ३१० डॉलर. पौंडाला ३१.

पंचवीस पौंडांचं भरलेलं खोकं: ६२५ + ३५ + ४० = ७०० डॉलर. पौंडाला २८.

बघा, एकावरून पाचावर गेलं की भाव निम्म्याखाली येतो. दहावरून पंचवीसवर गेलं तर जेमतेम तीन डॉलर सुटतात. म्हणजे एकट्यादुकट्या माणसाने पंचवीस पौंडांचा हव्यास धरायचं कारण नाही. पाच ते दहाच्या मध्ये थांबलं तर बरं.

हे बारांच्या हिशेबात बघितलं तर आणखी उलगडतं. एका पौंडात ७,००० ग्रेन. पन्नास कॅलिबरच्या बंदुकीत सत्तर ग्रेन ठासले तर पौंडात शंभर बार. एकच पौंड मागवणाऱ्याला बार ७५ सेंटला पडतो, पंचवीस मागवणाऱ्याला २८ सेंटला. शिकारीच्या हंगामात माणूस फार तर चार-पाच बार काढतो. खरी दारू सरावात उडते. निशाणेबाजीला दर शनिवारी जाणाऱ्याने मात्र हा फरक मनावर घ्यावा.

माझी पहिली खरेदी सांगतो. नळीत ठासायला २एफ दाण्याची एक बाटली मागवली. पैसे भरले, चहा घेतला, आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की वाटीतल्या रंजकेसाठी बारीक ४एफ लागते. तीही एक बाटली मागवली. दोन खोकी, दोन हॅझमॅट. दुसऱ्या बाटलीला मोजलेला हॅझमॅट त्या बाटलीपेक्षा महाग होता. बायकोने दोन्ही पावत्या फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवल्या होत्या, बराच काळ.

कोणता दाणा मागवू?

वरच्या चुकीवरून ओघाने आलंच. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक आणि जळायला चपळ. पन्नास आणि त्यावरच्या कॅलिबरच्या रायफलींना साधारण २एफ, लहान कॅलिबरना आणि पिस्तुलांना ३एफ, रंजकेला ४एफ. पन्नासमध्येही ३एफ वापरणारे पुष्कळ आहेत, पण ते माप थोडं कमी धरतात. बंदूक बनवणाऱ्याने दिलेल्या तक्त्यापलीकडे जाऊ नका.

४एफ एकच बाटली घ्या. रंजकेला एका बाराला तीन-चार ग्रेन पुरतात, म्हणजे एका पौंडात दीड हजारांवर बार. ही बाटली मुलांच्या लग्नापर्यंत पुरते.

चौघांनी मिळून एकच खोकं मागवलं तर चालतं का?

मित्रांनी खर्च वाटून घेणं ही इथली जुनी रीत आहे, आणि हॅझमॅट वाचवायचा खरा मार्ग तोच. फक्त तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, नफा नको. एखाद्याने वर दोन-चार डॉलर लावून नेमाने वाटप सुरू केलं की तो मित्र राहत नाही, कायद्याच्या नजरेत विक्रेता होतो. दारूचा विक्रेता म्हटला की परवाना लागतोच, मग माल एक पौंड का असेना. पुढे पन्नास पौंडांची जी सूट सांगणार आहे ती वापरणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला नाही.

दुसरी, एकेक पौंडाच्या बाटल्याच मागवा आणि बंद बाटलीच हातात द्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून वाटणी करायची नाही. कोणीतरी एकदा तूप वाटावं तशी वाटायला घेतली होती. मी उठून बाहेर गेलो.

तिसरी, ज्याची त्याने येऊन न्यायची. तुम्ही पुढे पाठवायची नाही. का, ते परत पाठवण्याच्या प्रश्नात आहे.

एका वेळी किती मागवता येते?

दोन वेगवेगळ्या मर्यादा आहेत, आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

एक तुमच्यावरची. संघराज्याचा स्फोटकांचा कायदा म्हणतो की कारखान्यात तयार झालेली काळी दारू ५० पौंडांपर्यंत असेल, आणि ती केवळ खेळ, करमणूक किंवा सांस्कृतिक कारणासाठी जुन्या पद्धतीच्या बंदुकांत वापरायची असेल, तर वापरणाऱ्याला परवाना लागत नाही. १९७० च्या मूळ कायद्यात ही सूट अवघी ५ पौंड होती. १९७५ च्या जानेवारीत ती पन्नास झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं तोंडावर आली होती, जुन्या तोफा आणि बंदुका घेऊन गावोगाव सोहळे होणार होते. पाच पौंडांत तोफेचे किती बार होणार?

दुसरी खोक्यावरची, ती वाहतूक खात्याची. ट्रकने साध्या वर्गात जाणाऱ्या दारूच्या बाटलीत १६ औंसांपेक्षा जास्त भरता येत नाही, आणि एका खोक्यात २५ बाटल्यांपेक्षा जास्त नाहीत. म्हणून पंचवीस पौंड हा आकडा सगळीकडे दिसतो. सव्वीसावी बाटली मागवलीत की दुसरं खोकं, दुसरा हॅझमॅट.

‘४.१’ आणि ‘१.१’ हे काय प्रकरण आहे?

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण ह्यातच सगळ्या खर्चाचं मूळ आहे.

काळी दारू जन्माने १.१ वर्गातली, म्हणजे एकदम सगळी मिळून उडू शकणारं स्फोटक. त्या वर्गात ती पाठवायची तर खास ट्रक, खास परवाने, आणि भाडं असं की पाच पौंडांचा कोणी विचारही करू नये. पण वाहतूक खात्याच्या नियमावलीत १७३.१७० हे एक कलम आहे. ते म्हणतं, लहान शस्त्रांसाठीची काळी दारू काही अटी पाळून बांधली तर तिला ४.१ वर्गात, म्हणजे ज्वालाग्राही घन पदार्थांत, बसवता येईल. अटी अशा: डबी धातूची किंवा वीज वाहून नेणाऱ्या जाड प्लास्टिकची हवी, म्हणजे घर्षणाने साठलेली वीज ठिणगी न होता निघून जाते. डबीत १६ औंस, खोक्यात २५ डब्या. मांडणी अशी की एक पेटली तरी सगळ्या एकदम पेटणार नाहीत. खोकं आधी तपासून मंजूर झालेल्या नमुन्याचंच. आणि एका गाडीत सगळी मिळून १०० पौंडांपेक्षा जास्त दारू नको.

शेवटची अट बघून मला ब्रँडीवाइन ओढ्याकाठचा दारूचा कारखाना आठवतो. डेलावेअरमध्ये विल्मिंग्टनजवळ ड्यू पाँने १८०२ मध्ये तो काढला, आता तिथे हॅगली संग्रहालय आहे. आमच्याकडून लांब नाही, एकदा पोरांना घेऊन जा. दारू घोटायच्या इमारतींना तीन बाजूंनी दगडी भिंती, चांगल्या हातभर जाड, आणि ओढ्याकडची चौथी बाजू मुद्दाम कच्ची. उडालंच तर धक्का पाण्यावर जावा, शेजारची इमारत वाचावी. थोडी थोडी ठेवा, वेगळी ठेवा, आणि फुटलीच तर वाट मोकळी ठेवा. खोक्यातल्या पुठ्ठ्याच्या कप्प्यांमागेही हाच हिशेब आहे.

तर ह्या कलमामुळे दारू तुमच्या दारात येते. पण ही सवलत देशांतर्गत रस्ता, रेल्वे आणि मालवाहू जहाज एवढ्यापुरतीच आहे. यादीत विमान नाही.

म्हणजे ‘दोन दिवसांत पोच’ मिळणार नाही?

नाही. जमिनीवरून जसं येईल तसं. हंगाम २६ डिसेंबरला असेल तर ऑक्टोबरात मागवा. अलास्का आणि हवाईतल्या पत्त्यांना बहुतेक विक्रेते पाठवतच नाहीत.

पोस्टाने?

नाही. काळी दारू, पर्यायी दारू, टोप्या (काही बंदुकांत चकमकीऐवजी ठिणगी देणाऱ्या स्फोटक टिकल्या), सगळं अमेरिकेच्या टपाल खात्यात निषिद्ध आहे. पोस्ट बॉक्सचा पत्ताही देऊ नका, घराचा किंवा कामाचा द्या.

विमानातून शिकारीला जाताना बरोबर नेता येईल?

नाही. हातातल्या बॅगेतही नाही आणि खाली टाकायच्या सामानातही नाही. टोप्यांनाही तोच नियम. बंदूक रिकामी, कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून नेता येते. दारू मुक्कामी पोचल्यावर तिथे घ्यावी लागते. दारू भरून न्यायचं शिंग घरी ठेवा, किंवा कधीच न भरलेलं नवं न्या. वापरलेल्या शिंगात भुकटी राहते आणि तपासणीत ती सापडते.

खोकं येतं तेव्हा काय होतं? शेजारी घाबरतात का?

खोकं दिसायला जाड पुठ्ठ्याचं, सहा इंच बाय सहा इंचाचं असो की फूटभर. बाजूला शंकरपाळ्याच्या आकाराचं लेबल, त्यावर लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्या. जवळच ‘ब्लॅक पावडर फॉर स्मॉल आर्म्स’ आणि ‘एनए ००२७’ अशी अक्षरं. ड्रायव्हर बहुतेक वेळा प्रौढ माणसाची सही मागतो. आमच्याकडचा नेहमीचा ड्रायव्हर खोकं दोन्ही हातांनी धरून पायरीवर असं अलगद टेकवतो की जणू आत गणपती आहे. मग खिशातून पेन काढतो आणि यंदा हरीण मिळालं का विचारतो.

सही घ्यायला घरी कोणी नसेल तर मात्र पंचाईत. एका वर्षी आम्ही भारतात गेलो होतो आणि खोकं आमच्या अंदाजाच्या आधीच आलं. तीन फेऱ्या झाल्या, खोकं विक्रेत्याकडे परत. हॅझमॅट तर बुडालाच, परतीचं भाडंही माझ्याच माथी. विक्रेत्याशी वाद घातला, उपयोग शून्य. पावतीवर तशी अट स्पष्ट छापलेली होती, मीच वाचली नव्हती.

टोप्या, गोळ्या, गारगोट्या त्याच खोक्यात येतात का?

गोळ्या, चिंध्या, गारगोट्या, गज, वंगण ह्यांना कसलाच हॅझमॅट नाही. शिशाचं भाडं मात्र वजनावर, तेव्हा गोळ्या जवळपास मिळाल्या तर तिथूनच घ्या.

टोप्या वेगळ्या. चकमकीऐवजी टोपीवर चालणारी बंदूक असेल तर त्या लागतात. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाची थोरली बहीण समजा. ह्या टोप्याही स्फोटकांतच मोडतात आणि त्यांनाही हॅझमॅट लागतो. दारूबरोबर एका खोक्यात बसतात की नाही हे विक्रेत्यावर आणि त्याच्या मंजूर खोक्यावर ठरतं. मागवण्याआधी फोन करून ‘एक हॅझमॅट लागेल की दोन?’ एवढं विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

पायरोडेक्स मागवलं तर हॅझमॅट वाचेल?

नाही, त्यालाही लागतो. पण ते दुकानात मिळतं, म्हणून मागवायचीच गरज पडत नाही. टोपीच्या किंवा नव्या धाटणीच्या ठासणीच्या बंदुकीवाल्यांनी खुशाल तेच वापरावं.

चकमकीवाल्यांची गोष्ट वेगळी. पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता लागते. टोपीची ज्वाळा ती देते, वाटीतल्या रंजकेची भपकन उठणारी आग पुष्कळदा देत नाही. मग वाटीत फस्स होतं, नळीत काहीच होत नाही, आणि हरीण मान वळवून बघतं. पेनसिल्व्हेनियातल्या त्या हंगामात खऱ्या दारूशिवाय गत्यंतर नाही ते ह्यामुळे.

आणि बिनधुराची आधुनिक दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नका. थोडीही नाही, मिसळूनही नाही. नळी फाटते, आणि नळीला चिकटलेला तुमचा गाल असतो.

मध्यंतरी दारू मिळेनाशी झाली होती ती का?

अमेरिकेत काळ्या दारूचं मोठं नाव म्हणजे गोएक्स. ड्यू पाँचा जुना वारसा पेनसिल्व्हेनियातल्या मूसिकमधून फिरत फिरत लुइझियानातल्या मिंडेनला गेला. २००९ मध्ये हॉजडन कंपनीने तो कारखाना घेतला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. निशाणेबाजांत एकच हलकल्लोळ. लोकांनी असेल तिथून बाटल्या उचलल्या. २०२२ मध्ये एस्टेसने तो विकत घेतला. खेळण्यातली रॉकेटं बनवणारी कंपनी, आणि त्या रॉकेटांच्या लहान मोटरींत काळी दारूच असते, तेव्हा त्यांनाही ती हवीच होती.

ह्याखेरीज स्विस दारू येते, ओबोनच्या कारखान्यातली. ती जरा महाग, पण मळ कमी धरते आणि एकसारखी जळते. जर्मनीतली शुएत्झनही मिळते. रोजच्या सरावाला मला जर्मन पुरते.

माल आवडला नाही, परत पाठवता येईल? मित्राला पाठवता येईल?

दोन्ही नाही. धोकादायक माल पाठवणाऱ्याला नियमांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि दर तीन वर्षांनी पुन्हा. वाहतूक कंपन्याही असा माल करार केलेल्या पाठवणाऱ्यांकडूनच घेतात. साध्या खोक्यात घालून ‘पुस्तकं’ म्हणून पाठवणं हा गुन्हा आहे, दंड हजारो डॉलरांच्या घरात जातो. न्यू जर्सीतल्या भाच्याला दिवाळीच्या फराळाच्या खोक्यात एक बाटली सरकवू का, असं मला खरोखर एकाने विचारलं होतं. चिवड्याखाली.

स्वतःच्या गाडीतून नेली तर?

स्वतःच्या वापरासाठी, स्वतःच्या गाडीतून नेणं म्हणजे व्यापारी वाहतूक नव्हे, तेव्हा हॅझमॅटचे ते कागद लागत नाहीत. मूळ बाटलीत, झाकण घट्ट, ऊन न लागणाऱ्या जागी, टोप्यांपासून लांब, आणि गाडीत सिगारेट नाही. फक्त रस्ता बघून घ्या. न्यू यॉर्कला जाणाऱ्या हॉलंड आणि लिंकन बोगद्यांत स्फोटकांना मज्जाव आहे.

घरात किती ठेवता येते आणि कशात?

पन्नास पौंड ही संघराज्याची सूट झाली. गावच्या अग्निशमन नियमांत आकडा सहसा त्याहून लहान असतो. राष्ट्रीय अग्निसुरक्षा संहितेत घरासाठी २० पौंड आहेत, तेही मूळ बाटल्यांत, इंचभर जाड फळ्यांच्या लाकडी पेटीत. चौघांचं पंचवीसचं खोकं तुमच्या तळघरात महिनाभर पडून राहिलं तर तुम्ही ह्या मर्यादेपुढे गेलात, तेव्हा मित्रांना लवकर बोलवा. भाड्याच्या घरात राहत असाल तर करारनामाही बघा.

लाकडी पेटीच का, तिजोरी का नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. दारू मोकळी पेटली तर भडका होतो, कोंडलेली पेटली तर स्फोट. लोखंडी तिजोरीत कोंडलीत तर तुम्ही घरात एक मोठा सुतळी बॉम्ब ठेवलात. लाकडी पेटी आग थोडा वेळ बाहेर थोपवते आणि आतून दाब आला की निखळते.

मी एच-१बी व्हिसावर आहे. मला चालेल का?

संघराज्याच्या बंदुकांच्या कायद्यात ठासणीची जुन्या पद्धतीची बंदूक ‘बंदूक’ ह्या व्याख्येत धरली जात नाही, म्हणून व्हिसावरच्या माणसांना असलेली मनाई तिला तशी लागत नाही. दारूची पन्नास पौंडांची सूटही नागरिक आणि बिगरनागरिक असा भेद करत नाही. पण राज्यांचे कायदे निराळे. न्यू जर्सीत, म्हणजे आपली निम्मी मंडळी राहतात तिथे, ठासणीची बंदूक ही बंदूकच, तिला ओळखपत्र लागतं. शिवाय ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला माणूस कायद्याच्या बारीक छटांवर पैज लावत नाही. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. त्याची एका तासाची फी कितीही हॅझमॅटपेक्षा जास्त असेल, तरी विचारा. तोवर आमच्याबरोबर मैदानावर या, धूर बघा. पहिला बार झाला की गंधकाच्या वासाने नरकचतुर्दशीची पहाट आठवते.

घरी बनवली तर सगळाच खर्च वाचेल की!

सूट ‘कारखान्यात बनलेल्या’ दारूला आहे, घरगुतीला नाही. आणि ओळीने उभ्या असलेल्या त्या दगडी भिंती हॅगलीला जाऊन बघाच. ते लोक त्या कामात मुरलेले होते, तरी त्यांना भिंती लागल्या.

गावी कोकणात वडिलांची ठासणीची बंदूक आहे. इथून दारू पाठवता येईल?

अजिबात नाही. वर सांगितलेल्या सगळ्या सवलती अमेरिकेच्या हद्दीत संपतात. भारतात ती बंदूक शस्त्र कायद्याखाली परवान्याची आणि दारू स्फोटक कायद्याखाली येते. तो कायदा १८८४ चा आहे आणि तो बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. रानडुकरं आणि माकडं भातात-बागेत शिरतात म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना असेल, तर दारू तिथल्याच परवानाधारक विक्रेत्याकडून घ्यायची.

जुनी बाटली सापडली आहे. दारू शिळी होते का?

कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं टिकते. बाटली हलवून बघा. दाणे सुटे वाहत असतील, राखाडी-काळी चमक असेल तर ठीक. ढेकळं झाली असतील, पांढरी बुरशीसारखी पूड वर आली असेल, तर ओल लागून सोरा बाहेर पडला आहे. वापरू नका. लेबल नसलेल्या बाटलीतली तर मुळीच नको, आत काय आहे हे रंगावरून कळत नाही.

टाकायची असेल तर बादलीभर पाण्यात थोडी थोडी ओता आणि ढवळा. सोरा विरघळला की उरतो तो नुसता काळा चिखल. ते पाणी मी गवताला घालतो, सोरा म्हणजे खतच. अंगणातला तो कोपरा दर वसंतात बाकीच्यापेक्षा जरा जास्त हिरवा असतो. मेव्हण्याला ते अजून खरं वाटत नाही.